गुरुवारचं घर

११ ऑगस्ट १९५७, रविवार. मुलुंड.
घासलेट आणायला गेलो आणि रिकामा डबा घेऊन परत आलो, एवढंच. वसुधाने घर डोक्यावर घेतलं. म्हणे, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू. हट्! बायको झाली म्हणून काय झालं? पैज लावली. बिल्डिंगच्या गणपतीत कागदाशिवाय भाषण ठोकतो. जमलं तर डॉक्टरचं नाव काढायचं नाही. फसलो तर मुकाट जाईन. विषय : ‘बालपण आणि म्हातारपणीची बुद्धी’.

१४ ऑगस्ट
थिअरी तयार. लहानपणी ज्यांना बदाम भरवले, त्यांची डोकी साठीत ढिली होतात. पुरावा : समोरचा श्यामकांत. चष्मा कपाळावर, शोध घरभर. मी वडिलांविना वाढलो, रत्नागिरीत वार लावून जेवलो. रोज वेगळं घर, वेगळा दरारा. सोमवारी लेल्यांचं कडक सोवळं. मंगळवारी वकिलांकडे श्लोक म्हटल्याशिवाय ताक नाही. गुरुवारी पटवर्धनकाकू, आमटीत गूळ जास्त, वाढायला हात सैल. वार चुकला की उपाशी. असं तयार झालेलं डोकं विसरेल काय, डोंबल!

२१ ऑगस्ट
उद्यापासून पहाटे पाचला भाषणाची प्रॅक्टिस.

२२ ऑगस्ट
आठला उठलो. भाषणाचा कागद सापडत नाही. कागद नकोच होता.

२५ ऑगस्ट
वसुधाने नातवाचं नाव विचारलं. ‘बाळ’ म्हणालो. पोराला बाळच म्हणतात. तो आता हायस्कुलात जातो, हे तिने उगाच काढलं. मग स्वयंपाकघरात जाऊन किती वेळ नळ सोडून उभी होती. पाण्याची केवढी नासाडी!

१ सप्टेंबर, रविवार
भाषण झकास! साती घरं मेनूसकट सांगितली. लोक हसून बेजार. शेवटी ‘आणि म्हणून मित्रहो’ म्हणालो आणि थांबलो. पुन्हा म्हणालो, पुन्हा थांबलो. श्यामकांतने टाळ्या सुरू केल्या, मेला मत्सरी. वसुधा म्हणते पैज हरलात. मी म्हणतो तो पॉज होता. निकाल पेंडिंग.

५ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळ.
दुपारी पटवर्धनकाकूंकडे जेवलो. मुलुंडला कधी राहायला आल्या कोण जाणे. तब्येत छान राखलीय, तिशीच्या वाटतात. पाय धुतले, पाटावर बसलो. आमटीत गूळ कमी होता, तसं सांगितलं. आतून आणून घातला. भात दोनदा घेतला.

हात धुतोय तोवर वसुधा दारात. ओरडली नाही. हळूच विचारलं, हे कुणाचं घर? मी ठणकावून सांगितलं. तर म्हणाली, अहो, ही नीला. श्यामकांतभावजींची सून. आपल्या समोरचंच दार.

खरंच घाबरलो. नीला तोंडाला पदर लावून उभी होती.

उद्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. मी हो म्हटलं, वाद घातला नाही. जेवूनच निघू म्हणते. पण शुक्रवारी कुणाकडे असतो मी, तेवढं काही केल्या आठवत नाही. तिला विचारून ठेवायला हवं, नाहीतर उपाशी राहीन.