खांद्याचं माप

६ जानेवारी, सोमवार
कॉलेजातल्या मदतीच्या विक्रीत माझं काम ठरलं — मागच्या खोलीत बसून जुने कपडे निवडायचे! बाहेर विक्रीच्या टेबलांपाशी सगळी मुलंमुली घोळक्यानं. आत मी, बोचकी आणि धूळ. पैसे दवाखान्यातल्या लहान मुलांच्या वॉर्डला जाणार, म्हणून नाव दिलं. खरं सांगायचं तर चार ओळखी होतील म्हणून दिलं.

कॉलेजात आल्यापासून कुणाशी धड बोलणं नाही. आता कपड्यांशी बोलते. ते बरे, मधेच उठून जात नाहीत.

७ जानेवारी
आत्याचा फोन. रविवारी येतेय. "तुझ्या मैत्रिणी बघायच्यात मला!" कुठल्या मैत्रिणी? दर फोनला मीच थापा मारल्यात — एक अशी हसते, दुसरी तशी गाते. आई गेल्यापासून आत्यानंच वाढवलं. तिला घोर नको म्हणून बोलत गेले. आता आली का पंचाईत! रविवारपर्यंत मैत्रीण आणू कुठून?

९ जानेवारी
घात झाला. गाठोडी उचलून उकडायला लागलं म्हणून अंगातला स्वेटर काढून ठेवला — नेमका निवडलेल्या ढिगावर! त्या ढिगातलं सगळं चिठ्ठी लावून थेट विक्रीला जातं, कुणी विचारत बसत नाही. मी हात धुऊन येईपर्यंत स्वेटर विकलासुद्धा. गल्ल्यावरच्या मुलाला सगळे 'शेटजी' म्हणतात, त्याला सांगितलं. "गेला तो. पुण्य लागलं समज!" सगळे हसले. मीही हसले. मूर्ख कुठली.

आत्यानं विणलेला होता. डाव्या बाहीवर एक टाका चुकलेला, तिचा चष्मा बदलायच्या आधीचा. मला तो टाकाच आवडायचा.

१० जानेवारी
सापडला! वाचनालयात. माझा स्वेटर माझ्याच समोर बसून पुस्तक वाचत होता. त्याच्या आत होस्टेलच्या वरच्या मजल्यावरची ती उंच मुलगी — नेहमी एकटीच जेवते, ती. खांद्यात चांगलाच आवळत होता तिला.

दोनदा उठले. दोनदा बसले. काय म्हणणार, 'काढ तो'? रीतसर पैसे मोजून घेतलाय बिचारीनं. आणि इतक्या दिवसांनी कुणाशी तोंड उघडायचं, तेही भांडायला? पाणी पिऊन आले आणि धड्याचं तेच पान परत वाचलं.

११ जानेवारी
आज कुणाशी एक शब्द नाही. 'मीठ दे' एवढंसुद्धा नाही.

१२ जानेवारी, रविवार
आत्या फाटकातून आत आली ती विचारतच — "स्वेटर कुठाय गं? काकडतेयस नुसती!" मी काहीतरी जुळवणार, तेवढ्यात समोरून उंच मुलगी. अंगात तोच! मी अडवायच्या आत आत्या तिच्यापाशी. "अगं, हा तर आमचा!" डावी बाही धरून चुकलेला टाकासुद्धा शोधला.

मग आत्याच खुलली. "म्हणजे तू हिची मैत्रीण! अंगातला काढून दिला होय हिनं? शहाणी गं माझी बाय!"

त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं होतं देव जाणे. "हो ना आत्या," ती म्हणाली. "मला थंडी सोसत नाही. हिनंच दिला."

तिघींनी चहा घेतला. आमच्या दोघींच्या वाटचंही आत्याच बोलली. चहा संपला तशी ती मुलगी 'येते' म्हणून गेली. बसमध्ये चढताना आत्या म्हणाली, "आता मला काही काळजी नाही."

खोलीवर येऊन खूप रडले. खोटी का होईना, चहापुरती मैत्रीण होती. आभारही मानले नाहीत मी तिचे.

१५ जानेवारी
आत्याचा फोन. "तुझ्या मैत्रिणीला तो खांद्यात आवळतो. तिच्यासाठी लोकर आणलीय. माप घेऊन कळव." म्हटलं, अगं आत्या, ती म्हणजे तशी — "तशी काय? माप घे!" फोन बंद.

मोजायची टेप नाही. सुतळी घेतली. जिना चढले. तिच्या दारापासून परत आले.

१६ जानेवारी
खांदे माझ्यापेक्षा चार बोटं रुंद. तिला निळा हवाय.