मऊ हात

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचा. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, आणि खोली माझी एकट्याची! माझं बूड कुठे टेकत नाही म्हणून आईनं मला भिंगरी नाव ठेवलंय. आता टेकलं म्हणायचं. काम सोपं आहे. आजोबांचं एक अंग लुळं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला लागू द्यायच्या नाहीत. नाहीतर जखमा होतात. त्यांची मुलगी, ताई, दिवसभर ऑफिसात. हे काम आधी केलंयस का, विचारलं तिनं. म्हटलं, घरी बाबा असेच पडून आहेत, त्यांचं करायचो. खरं तर आई करते. मी दारात उभा राहायचो, मग लांबची नोकरी धरली. ताईला एवढं कशाला सांगा.

७, शुक्रवार
आजोबा मोठे मिश्कील. तोंड अर्धं चालतं, टोमणे मात्र अख्खे. माझ्या हातांना फावडी म्हणतात. वजन ओल्या गादीसारखं, माझी कंबर गेली. मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा आहे. मशीन चालू असलं की पाठ शेकते. ताईही आल्या आल्या तिथंच बसून चहा पिते. म्हणाली, करणाऱ्यानंही घटकाभर टेकावं रे, पाप लागत नाही.

१२, बुधवार
लिहायलाही लाज वाटते. दुपारी मशीनपाशी डोळा लागला तो पार ऊन उतरेपर्यंत. कूस बदलायची एक वेळ चुकली. धावत गेलो, तर आजोबा दुसऱ्या कुशीवर. उशा जागच्या जागी. टाचांखाली टॉवेलची गुंडाळी, टोक आत खोचलेलं. घरात आम्ही दोघंच, दाराला आतून कडी. आजोबा म्हणाले, या खेपेला हात मऊ होते. ताईला मी काही बोललो नाही.

१४, शुक्रवार
आज मुद्दाम झोपलो. परत तसंच. टॉवेलचं टोक तसं फक्त आई खोचते.

१७, सोमवार
घरी फोन लावला. दादा वैतागलेला. म्हणाला, दुपार झाली की आई बाबांपाशी बसून राहते, डोळे उघडे, हाकेला ओ नाही. हात तेवढे हवेत चालतात, कुणाला तरी वळवल्यासारखे. बाबा तसेच पडून. पाठीला जखम झालीय. कधीपासून, विचारलं. बुधवारपासून. येतोस का, म्हणाला. आवाज येत नाही असं सांगून मी फोन ठेवला.

१९, बुधवार
आज बसायचंच नाही असं ठरवलं होतं. तोंडावर पाणी मारलं, उभ्यानंच कपडे वाळत घातले. मशीन गरम होतं. पाचच मिनिटं —
उठलो तेव्हा आजोबांना वळवून झालं होतं. रडत होते.
"भिंगरी, तिला जाऊ दे रे. तिचा माणूस तिकडे ओरडतोय."
हे नाव मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

२०, गुरुवार
दिवसभर जागा. प्रत्येक वेळी कूस मीच बदलली, या फावड्यांनी. तरी संध्याकाळी दादाचा फोन. बाबा गेले. आईचे हात अजून थांबले नाहीत — दादा म्हणाला, आता ती कुणाला वळवतेय —

२१, शुक्रवार
ताईनं तिकीट काढून दिलं. आजोबांना ती बघतेय. बॅग भरली. गाडीला वेळ होता. निघण्याआधी मशीनला पाठ लावून जरा —

उठता येत नाही. डावं अंग माझं नाही. लिहायचा हात तेवढा चालतोय. हाक मारली, आवाज अर्धाच —

गुडघ्यांमध्ये उशी आहे. मी आणली नव्हती. टाचांखाली गुंडाळी. टोक आत खोचलेलं.

आई, मी जागा आहे. नको. दादाकडे जा —

खांद्याखाली हात आले. मऊ. लाज याची की बरं वाट