मन्याचं जावळ, माझा भांग

गुरुवार, २० नोव्हेंबर
बियाण्याच्या कंपनीने दिलेली डायरी अकरा महिने कोरी पडली होती. आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.

बायकोची, म्हणजे वर्षाची, रविवारी नांदेडला शिक्षकाची परीक्षा आहे. दोन पेपर, साडेदहा ते साडेचार. तिसरी खेप. मन्याला (चि. मन्मथ, तिसरं लागलंय) कोण सांभाळणार यावर घरात तीन दिवस चर्चा चालू होती. आज सासूबाईंचा उदगीरहून फोन आला. म्हणाल्या, मी येते. वर सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या की, वर्षाला नोकरी लागली की मी चाकूरलाच येऊन राहणार, घरात लेकरू बघायला कुणीतरी शहाणं माणूस पाहिजे.

फोन स्पीकरवर होता. शहाणं माणूस! मग मी कोण आहे? तालुक्यात पाच वर्षं कृषी सेवा केंद्र चालवायलो. हाताखाली तीन पोरं आहेत. मन्याचं वजन बारा किलो. खताची गोणी पन्नास किलोची असते.

मी जाहीर करून टाकलं की रविवारी मी एकटा मन्याला दिवसभर सांभाळून दाखवतो. दाखवला, तर सासूबाईंनी सणावारालाच यायचं. वर्षा म्हणाली, आणि न्हाई जमलं तर? मी म्हटलं, तर त्यांची पेटी मी स्वतः स्टँडवरून डोक्यावर आणतो.

वर्षा म्हणाली, मग तुम्ही दोघं घरीच राहा ना, मी जाते एकटी. म्हटलं, न्हाई. लेकराला एक्स्पोजर पाहिजे. नांदेड दाखवतो त्याला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
प्लॅन तयार. फवारणीच्या वेळापत्रकासारखं टेबल केलं. १० वाजता बाग. १२ वाजता मॉल. १ वाजता जेवण. २ ते ४ झोप. दुकानातल्या वैजनाथला दाखवलं. तो म्हणाला, शेठ, लेकराला वाचता येतंय का हे? दोन दिवस त्याच्याशी बोलणार नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर
केसांना कलर मारला. सेटिंग केली. नांदेडला जायचं म्हणजे माणूस नीट दिसला पाहिजे. माझ्या वयाच्या सगळ्या डीलरांचे टाळू उघडे पडलेत. माझा भांग अजून जागच्या जागी आहे. ही देवाची देणगी आहे आणि थोडी माझी मेहनत.

केसांवरून आठवलं. वर्षाने अकरा सूचनांची यादी दिली. पाचवी : गोड देऊ नका. सहावी : चिंगम तर मुळीच न्हाई. अकरावीखाली दोन रेघा : केसाला जपा. हे सांगायला पाहिजे का? मन्या नवसाचा आहे. सासूबाईंनी कपिलधारच्या देवस्थानाला नवस बोलला होता, नातू झाला की पहिले केस इथंच देईन, मामाच्या मांडीवर. तेव्हापासून मन्याच्या डोक्याला कात्री लागलेली नाही. दोन वेण्या पाठीवर येतात. ७ डिसेंबरला जावळ. तीनशे पत्रिका वाटून झाल्या. आचारी ठरला. माझा मेहुणा रविकिरण पुण्याहून रजा काढून येणार. पंधरा दिवसांचा तर प्रश्न.

यादी वाचली. पाठ झाली. घरीच ठेवली.

रविवार, २३ नोव्हेंबर
सकाळी ६.५०. एसटीत. मन्या खिडकीचा गज चाटायलाय. त्या गजाला तीस वर्षांत किती हात लागले असतील! बघवत नाही. बाजूला केला तर समोरच्या सीटचा रेक्झिन चाटला. कंडक्टर म्हणाला, ताई, बेबीला मांडीवर घ्या. म्हटलं, मुलगा आहे. त्याने वेण्या बघितल्या आणि माझ्याकडे बघितलं. जावळ राहिलंय, असं सांगितलं.

९.४०. नांदेड. सेंटरच्या गेटवर वर्षा आत गेली. ठरलंय की मधल्या सुट्टीत भेटायचं नाही, मन्या तिला बघितल्यावर सोडणार नाही. फोन आत चालत नाही. ती तीनदा वळून बघून गेली. तिन्ही वेळा मन्याकडे. शेवटी ओरडून म्हणाली, केस!

१०.१५. ऑटो. ड्रायव्हर म्हणाला, पोरगी लई गोड हाय. मुलगा आहे, जावळ राहिलंय. तो दर चौकात पिचकारी मारत होता. तिसऱ्या चौकात वारं आमच्या दिशेने होतं. माझा पांढरा शर्ट! थू असल्या माणसाच्या. वर म्हणतो, जाईल धुण्यात.

११.३०. बाग. झोका तुटलेला. घसरगुंडीवर कुत्रं झोपलेलं. मन्याने खाली पडलेली कुणाची तरी अर्धी कचोरी उचलून तोंडात घातली. मी बोट घालून बाहेर काढली. त्याने बोट चावलं. एक आजी म्हणाली, अगं बाई, नातीला असं करू नका. नात! आणि मी आजोबा! मुलगा आहे म्हणून सांगायची पण इच्छा राहिली नाही.

१२.२०. मॉल. सरकत्या जिन्यावर अर्ध्यात आलो आणि मन्याने शी केली. जिना वरच चाललाय, उतरता येत नाही. मागची माणसं नाक धरून उभी. संडासात पाणी नाही. ओले कागद वर्षाच्या पर्समध्ये. शेवटी माझा रुमाल कामी आला. रुमाल तिथंच टाकला. चड्डी पण टाकली. सोबत तीन चड्ड्या होत्या, ही तिसरी. आता नुसता सदरा घालून फिरायलाय. एवढं झालं तरी बाहेरचा वॉचमन विचारतो, बेबी का बाबा? म्हटलं, तूच बघ.

फुटपाथवर चड्डी घेतली. गुलाबी. दुसरा रंग नव्हता. तिच्यावर फुलपाखरू आहे. टेबलाप्रमाणे फक्त पंचवीस मिनिटं मागं.

१.३०. गुरुद्वारा. डोक्यावर रुमाल पाहिजे, माझा तर मॉलमध्ये गेला. दारात भगवा मिळाला. माझी सेटिंग दबली, पण इलाज नाही. लंगरला बसलो. स्वच्छ. थंडगार फरशी. मन्याने दोन रोट्या खाल्ल्या आणि कढी माझ्या मांडीवर सांडली. एक म्हातारे सरदारजी वाढत होते. गुलाबी चड्डी असूनही त्यांनी बरोबर ओळखलं. मन्याच्या वेण्यांवरून हात फिरवून हिंदीत म्हणाले, बेटा बडा प्यारा है, केस संभालना. मला एकदम गलबलून आलं. दिवसभरात पहिला शहाणा माणूस. हाव म्हणालो.

२.४५. वजिराबादचा बाजार. झोपायची वेळ पाऊण तास उलटून गेली. मन्या रस्त्यावर आडवा पडून रडायलाय. आई पाहिजे. माणसं थांबून बघायलीत. मला पोरं पळवणारा समजून एकाने माझा फोटो काढला. पानटपरीवर बबलगम दिसलं. सहावी सूचना आठवली. पण सूचना लिहिणारी पंख्याखाली बसून पेपर लिहायलीय. रस्त्यावर मी आहे. निर्णय रस्त्यावरचा माणूस घेतो. याला मॅनेजमेंट म्हणतात. एक दिलं. रडणं बंद.

३.२०. झोपला! माझ्या खांद्यावर, गालाला गाल लावून. बंद दुकानाच्या पायरीवर बसून लिहायलो. लेकराचा श्वास कानावर येतो. मी जिंकलो. सासूबाई, राहा आता उदगीरला खुशाल.

३.५०. छी. छी. छी. बबलगम झोपेत तोंडातून गळलं. ते त्याच्या उजव्या वेणीत आणि माझ्या डाव्या भांगात अडकलंय. डोक्याला डोकं चिकटलंय. सुटत नाही. हलवलं की दोघांच्या टाळूला आग होते आणि मन्या बोंबलतो. असाच मान वाकडी करून भर बाजारातून चाललो. पोरं मागं लागली. एका बाईने हात जोडले, तिला जुळे वाटले का काय.

४.०५. सलून. नंबर लागला. लाळ, बबलगम आणि केस यांचा जो लगदा झालाय त्याचा वास चुकवायला मी तोंडाने श्वास घ्यायलो. सलूनवाल्याने बर्फ लावून बघितला. तेल लावलं. मग म्हणाला, कापावं लागतंय. तुमचे कापू का लेकराचे?

हे शांत डोक्याने लिहून ठेवतो. माझे कापले तर डाव्या बाजूला वाटीएवढा खड्डा पडला असता. आठ दिवसांनी लातूरला डीलर मीट आहे. मन्याची फक्त एक वेणी. लेकराचे केस चार महिन्यांत येतात.

सलूनवाल्याने कात्री उचलून विचारलं, साहेब, जावळ झालंय ना लेकराचं?

मी हाव म्हणालो.

४.२०. एक वेणी ठेवून बरोबर दिसेना. दुसरी पण कापली. तरी उंदराने कुरतडल्यासारखं दिसायलं म्हणून मशीन फिरवली. माझा भांग सुरक्षित. दोन्ही वेण्या कॅरीबॅगमध्ये घेतल्यात. केस ते केसच. कपिलधारला नेऊन ठेवायचे. नवस केसांचा आहे, कुठं कापले याचा नाही. हा मुद्दा बिनतोड आहे. वर्षाला पटेल.

४.५०. गेटवर उभा. मन्या पहिल्यांदाच मुलगा दिसायलाय. पेरूवाली म्हणाली, बाळ्या गोड हाय. बघा!

रात्री ९. घरी.
वर्षा गेटमधून आली आणि आम्हाला ओलांडून पुढे गेली. मन्याने आई म्हणून हाक मारली तेव्हा वळली. मी मुद्दा मांडला. कॅरीबॅग दाखवली. तिने ती घेतली, छातीशी धरली आणि तिथंच रस्त्यावर खाली बसली. पेपर कसा गेला विचारलं, तर उठून स्टँडकडे चालू लागली. अडीच तास एसटीत मन्याच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत होती. चाकूर आल्यावर एकच म्हणाली, आईने तीन वर्षं चप्पल घातली न्हाई, माहीत हाय का तुम्हाला? नवस फिटेपर्यंत.

माहीत नव्हतं. मला वाटायचं त्यांना टोचते.

सोमवार, २४ नोव्हेंबर
सासूबाई सकाळीच हजर. मन्याला बघून कानडीत अय्यो शिवने म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. वाटलं शिव्या देतील. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मुद्दा मांडायला तोंड उघडलं. पहिल्यांदा स्वतःचीच किळस आली. सलूनवाल्याने विचारलेलं मात्र कुणाला सांगितलं नाही. फक्त इथं लिहिलंय.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
घरातले सगळे मिळून मठाच्या महाराजांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तारीख ठरली, माणसं बोलावली, देवाला शब्द दिला. कात्री कुणाच्या हुकुमाने चालली? सगळे माझ्याकडे बघायले. महाराज म्हणाले, मग वेण्या देवाला द्या, आणि विधीला ज्याने कापवले त्याचे केस द्या.

म्हटलं, महाराज, दुसरा काही उपाय? म्हणाले, केस आहेत, येतील परत. हा माझाच मुद्दा होता.

रविवार, ३० नोव्हेंबर
डीलर मीटला गेलो. सगळ्यांनी भांगाचं कौतुक केलं. जेवण गेलं नाही.

रविवार, ७ डिसेंबर
कपिलधार. तीनशेच्या तीनशे आले. मला वाटलं होतं कोपऱ्यात उरकतील. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, विधी पुरा व्हायला पाहिजे. मामाची मांडी पाहिजे.

रविकिरण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याला मी नेहमी आयुष्यात कसं वागायचं ते सांगत आलो. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून बसलो. फोटोवाला ठरलेलाच होता, त्याने सगळे फोटो काढले. केस काढणाऱ्या काकांनी वस्तरा ओला करत सवयीने विचारलं, पहिलंच जावळ का? रविकिरण म्हणाला, हाव, पहिलंच. बायकांनी ओवाळलं. मन्या टाळ्या वाजवत होता. वर्षा पंधरा दिवसांनी हसली. तोंडावर पदर धरून हसली, पण हसली.

सासूबाईंनी देवळाबाहेर येऊन नवी चप्पल घातली. पाय बघितले. भेगा बघवत नव्हत्या. वाकून पाया पडलो. खाली केस सांडलेले होते. कलर केलेले माझेच असणार.

सोमवार, ८ डिसेंबर
दुकान उघडलं. वैजनाथने आधी कुणी स्वामी समजून टोपी काढून हात जोडले आणि मग ओळखलं. दिवसभर गिऱ्हाइकं तोंड बारीक करून यायलीत. कोण गेलं, शेठ? सांगून सांगून जीभ झिजली. एकाने तर सोबत केळी आणली.

संध्याकाळी सासूबाईंचं उदगीरचं बिऱ्हाड आवरून पेटी एसटीने आली, त्या आता कायमच्या इथं. वर्षा माझ्याकडे नुसती बघत होती. शब्द म्हणजे शब्द. गेलो स्टँडवर. लोखंडी पेटी आहे, गोणीपेक्षा जड. गुळगुळीत डोक्यावर ठरत नाही, घसरते. एसटीचा कंट्रोलर खिडकीतून डोकावला, माझ्या डोक्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, संगमेश शेठ, कोण गेलं हो?

म्हटलं, गेलं कुणी न्हाई. आलंय.