सोमवारचा सराव पाठ

गडचिरोली, १४ ऑक्टोबर २०२५

चि. सुकरी हिस,
राजदीप सरांचा सप्रेम जय भीम.

तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? हलकं धान कापून झालं असेल. आम्ही सगळे ठीक. फोनवर बोललो असतो, पण हल्ली कोण काय रेकॉर्ड करतं सांगता येत नाही, म्हणून पत्र. वाचून फाडून टाक.

विज्ञान शिक्षक घडवणाऱ्या आपल्या अभ्यासक्रमाचं पाच वर्षांचं नियोजन चालू आहे, हे तू समितीवर असल्याने तुला ठाऊकच आहे. माजी विद्यार्थ्यांतून तुझं नाव मीच सुचवलं होतं. तरी मागच्या बैठकीत काय झालं ते तूही कळवलं नाहीस. मी खोलीत शिरलो की बोलणं बदलतं. आमचे विभागप्रमुख गुणवंतराव, ज्यांनी कधी मला पाणी विचारलं नाही, ते परवा स्वतः चहा घेऊन आले आणि म्हणाले, "राजदीपभाऊ, तुमी काऊन टेन्शन घेऊन राह्यले?" मी टेन्शन घेतलंय हे त्यांना कोणी सांगितलं? नवीन आलेल्या दिव्या मॅडमनी तुमच्या कुरखेड्याच्या एसटीची वेळ विचारली. त्यांना कुरखेड्यात काय काम? कुठेतरी पाणी मुरतंय.

विद्यार्थ्याने दोन महिने जंगलातल्या गावात राहून शिकवायचं, ही आपली रीत मोडून चंद्रपुरात कॅमेऱ्यापुढे सराव पाठ घ्यायचा घाट आहे. मी अठरा वर्षं या दोन महिन्यांसाठी भांडलो. तुझ्यासारखी मुलगी त्यातूनच शिक्षिका झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता मुद्द्याचं. समितीपुढे निरीक्षण वह्या ठेवल्या म्हणे. त्यात आपल्या विद्यार्थ्याची, चैतूची, जो यंदा तुझ्याच शाळेत सराव पाठांना होता. सोमवार, २२ सप्टेंबर, पाठ बियांच्या अंकुरणाचा, मुलांचा सहभाग उत्तम, वीसपैकी सतरा. कोणीतरी सांगितलं की त्या दिवशी गावात नव्या धानाचा सण, पंडुम होता आणि शाळेत चिटपाखरू नव्हतं. पंडुमाचा दिवस गावचा पुजारी ठरवतो, सरकारी सुट्ट्यांच्या यादीत तो कुठून असणार? हे सांगणारा घरचाच भेदी आहे. मला चैतूवर संशय आहे.

वहीवरची सही माझी आहे. पाऊस होता, रस्ता खराब होता. खरं सांगायचं तर सकाळी निघायचा कंटाळा आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालंय, झाडूवाल्याकडेही मी संशयाने बघतो. मला भीती वाटते, सुकरी.

त्या सकाळी तासभर शाळा भरली होती, एवढी एक ओळ लिहून दे. त्यावर सगळं वाचेल.

तुझ्यावर विसंबलेला,
राजदीप सर


१९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,
जय सेवा.

आई बरी आहे. पत्र फाडलं नाही.

चैतूवर संशय घेऊ नका. समितीत मीच सांगितलं. त्या दिवशी तो आमच्या अंगणात पानावर नवा भात जेवत होता, मीच वाढला. ती वही समोर आली आणि मला राहवलं नाही.

तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असं लिहिलंत, ते वाचून राग आला. सहा वर्षांपूर्वी माझ्या पाठाला तुम्ही येणार म्हणून आईने कोंबडी कापली होती. मुलं चार वाजेपर्यंत जागची हलली नाहीत. आई सारखी विचारे, "तुये सर येऊन राह्यले का नाई?" तुम्ही आला नाहीत, पण वहीत अठरा गुण आले. ते मी घेतले. त्यावर नोकरी लागली. म्हणून इतकी वर्षं तोंड नव्हतं.

गावातले दोन महिने बंद करा असं मी म्हटलं नाही. उलट म्हटलं, ठेवा, पण निरीक्षकाने आठवडाभर गावात मुक्कामाला राहावं. म्हणून तर दिव्या मॅडम एसटी विचारत होत्या, त्यांना आधी गाव बघायचं आहे. पण त्या नवीन आहेत, त्यांच्या एकटीच्या शब्दावर समिती थांबणार नाही. अध्यक्ष म्हणाले, जुन्यांपैकी एक जरी राहायला तयार असेल तर चंद्रपूरचा विषय सोडतो. मग माझ्याकडे बघून विचारलं, तुमचे सर जातील का?

हो म्हणायला मी तोंड उघडलं, सर. वहीवरची तुमची सही दिसली आणि ते मिटलं. गुणवंतराव हसले.

तीस तारखेला परत विचारणार आहेत. तेव्हाही मी तुमच्या वतीने बोलणार नाही. बैठक अकरा वाजता आहे आणि दार कोणी लावत नाही.

त्या दिवशी चार वाजेपर्यंत तुमची वाट पाहिलेली,
सुकरी