नेटला नाव काय टाकू?

मंगळवार, ९ जानेवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. तुमच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर माझी पाकिटं येतात म्हणून डॉक्टर काही बोलत नाहीत ना? चष्म्याच्या जाहिराती समजून एखादं कचऱ्यात जात असेल तर सांगा, म्हणजे मी वर लाल पेनाने ‘तातडीचे’ असं लिहीत जाईन. आम्ही दोघी मजेत. तुमच्या भाचीचे पुढचे दात पडलेत आणि ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते. शाळेत त्यामुळे तिचा भाव वधारलाय.

मोठी बातमी म्हणजे मी घरी नेट घेतेय. हसू नका. तिकडे तुम्हाला ते नळाच्या पाण्यासारखं मिळतं, इथे मुलीला स्थळ बघावं तशी चौकशी करावी लागते. आतापर्यंत मी कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत बसून काम करत होते. तेच आपलं, डॉक्टर तोंडी सांगतात ते रिपोर्ट ऐकून टाइप करायचे. एकेक फाइल उतरायला इतका वेळ लागतो की तोवर पेशंट बरा होऊन घरी जात असेल. शिवाय पोर शाळेतून आली की कुलूपबंद दारापुढे पायरीवर बसून राहते. ते मला चालत नाही.

तर स्थळं तीन. पहिलं टेलिफोन कंपनीचं. घराणं जुनं, चाल गोगलगायीची. काउंटरवरच्या बाईंनी दिलेला अर्ज मी तिथेच वाचायला घेतला. लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, आधीचा पत्ता. खाली बारीक अक्षरात, ‘आधीच्या पत्त्यावर पडताळणी करण्यात येईल.’ मी अर्ज घडी घालून पर्समध्ये टाकला आणि भरून आणते म्हणून बाहेर पडले. बाई मागून पेन देऊ का म्हणत होत्या, तर मी ऐकलंच नाही असं केलं.

दुसरं गच्चीवर डिश लावणाऱ्या कंपनीचं. टाय लावलेला मुलगा घरी आला, इतकं गोड बोलला की मला वाटलं फुकटच देतोय. मग त्याने आकडा सांगितला. आणि वर म्हणाला, आभाळ आलं की थोडं थांबावं लागतं. एवढे पैसे मोजून आभाळाकडे बघत बसायचं, तर कॅफेतला पंखा काय वाईट?

तिसरा वायरमामा. गल्लीतली पोरं त्याला हेच म्हणतात. खांद्यावर वायरचं वेटोळं, कंबरेला पक्कड, आणि सगळ्या गल्लीवर त्याने वायरींचं जाळं टाकलंय. खालच्या लॉन्ड्रीवाल्यांनी त्याची शिफारस केली. म्हणाले, “संध्याकाळी झोपतं त्याचं नेट, पण सकाळी पळतं. आणि कटकट नाही बघा. कागद नको, फोटो नको. माणूस बघतो आणि वायर ओढतो.”

मी वायरमामाला हो म्हटलं. का, ते तुम्हाला सांगायला नको.

तुमचे बंधुराज हल्ली पाण्याचे फिल्टर घेऊन गावोगाव फिरतात असं तुम्ही लिहिलंत. बरं झालं, घरातलं वातावरण तेवढंच मोकळं. आमची बाजू त्यांच्या फिरतीत आहे का, जमलं तर बघून कळवा. सहज विचारते. आणि त्या संध्याकाळबद्दल लिहायचं नाही असं आपलं ठरलंय, तेव्हा ‘झोप लागते का’ असंही विचारत जाऊ नका. लागते.

आईंच्या गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
भावजय


शनिवार, ३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. नेट आलं! वायरमामाने खिडकीची चौकट पोखरून वायर आत घेतली, भिंतीचा पोपडा पाडला, चहा प्यायला आणि भिंतीवर पांढरा डबा ठोकला. डब्यावर हिरवे दिवे लुकलुकायला लागले तेव्हा पोर टाळ्या पिटत होती. तिच्या अभ्यासाला मी एक जुना टॅब घेतलाय. आता ती त्यात आणि मी माझ्या रिपोर्टांत, अशा एका टेबलाशी बसतो. तिच्याकडे मान वर करून बघता येतं, हेच मला हवं होतं.

एक गंमत झाली. गंमतच म्हणते मी अजून.

डबा सुरू करताना वायरमामाने विचारलं, “नेटला नाव काय टाकू?”

मी म्हटलं, “तुम्ही तर म्हणालात नाव लागत नाही.”

“तुमचं नको हो ताई. नेटचं. फोनवर यादीत दिसतं ना, ते. लोक वाट्टेल ते ठेवतात. पलीकडच्या सरांनी ‘फुकट्यांनो लांब व्हा’ असं ठेवलंय.”

मी काही सुचवायच्या आत पोर ओरडली, “घुबडाई!”

वन्सं, तुमचीच देणगी. रात्र रात्र डोळे टक्क उघडे ठेवून बसायची म्हणून तुम्ही ठेवलेलं. तुमच्या घराच्या चार भिंतींबाहेर ते नाव कुणी ऐकलेलं नाही. इकडे आल्यापासून घरचं नाव बाहेर सांगायचं नाही असं मी तिला बजावलंय, आणि ती शहाण्यासारखी पाळते. पण तिच्या मते हे बाहेर नव्हतंच. आपल्या घरातल्या डब्यात राहणार होतं ते. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. किती तरी दिवसांनी ती त्या नावाने हसली, म्हणून मीच म्हटलं, टाका.

डब्यातलं नाव भिंतीतून बाहेर जातं, हे मला चांगलं माहीत होतं. कॅफेत बसून मीही ती यादी बघितलीच आहे की. पण नेमकं तेव्हा डोक्यात आलं नाही. आणि इथे तर नेट इतकं महाग की गल्लीतून जाणारा जो तो फोन पुढे धरून, कुठे काही उघडं सापडतंय का, ते बघतच चालतो.

परवा लॉन्ड्रीवाल्यांकडे चादरी द्यायला गेले. ते म्हणाले, “ताई, घुबडाई म्हणजे तुमचंच नेट ना? एक गृहस्थ विचारत होते.”

“कोण?”

“कोण जाणे, परगावचे वाटले. शर्ट टाकायला आले होते. बसल्या बसल्या फोन चाळत होते नेटसाठी, आणि एकदम हसायलाच लागले. म्हणाले, काय झकास नाव आहे, कुणाचं हो? म्हटलं, वरच्या ताईंची पोर आहे ना, तिनेच ठेवलंय. फार गोड पोर आहे.”

त्यांनी शर्ट दाखवला. इस्त्री होऊन दांडीला टांगला होता. निळ्या चौकडीचा. असे शर्ट हजार जण घालतात, मी मनाशी म्हटलं. फुकटचं नेट शोधायची सवयही हजार जणांना असते. पण हसणं कसं होतं ते मला लॉन्ड्रीवाल्यांना विचारायचं होतं आणि विचारता आलं नाही.

नाव बदलायला वायरमामाच लागतो, डब्याचा पासवर्ड त्याच्याकडे. तो फोन उचलत नाही. काल मी दिवसभर डबा बंद करून ठेवला, तर कामावरून विचारणा आली, रिपोर्ट कुठे अडकले म्हणून. आज सकाळी पुन्हा लावला. हे लिहितेय तेव्हा दिवे लुकलुकताहेत. शर्ट अजून कुणी न्यायला आलेलं नाही.

वन्सं, तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. मोतीबिंदूवाल्यांच्या रांगेबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत, आईंच्या गुडघ्याबद्दल लिहिलंत, दवाखान्यातल्या नव्या मशीनबद्दल लिहिलंत. तेवढं एक राहिलं. आमची बाजू त्यांच्या फिरतीत आहे का? दोन ओळी पुरतील. विसरला असाल, असंच मी धरून चालते.

तुमची,
भावजय


गुरुवार, २२ फेब्रुवारी

वन्सं,

पोलीस चौकीच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षराकडे बघू नका. सकाळपासून दोनदा दवाखान्यात फोन केला. दुसऱ्या वेळी, “नाही म्हणून सांग,” असं मागून कुणी तरी म्हणालेलं मला ऐकू आलं. तुमचा आवाज मी ओळखते. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतेय, सही तुमचीच लागेल.

आज सकाळी एक फाइल जाता जाईना. आपलंच नेट लागलंय ना, ते बघायला मी यादी उघडली. घुबडाईच्या खाली नवीन नाव होतं. पाहुणीबाई.

लग्न होऊन तुमच्या घरी आले त्या दिवसापासून तुमचा भाऊ मला हेच म्हणायचा. “काय पाहुणीबाई, किती दिवस मुक्काम?” आई हसायच्या, तुम्ही हसायचात. मीही हसायचे, आणि पुष्कळ वर्षं हसले. दुसऱ्या कुणाला हे नाव सुचेल असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण तोवर मी उठून खिडकी लावली होती.

हे नेट लांबून दिसत नाही, वन्सं. दिसतंय म्हणजे माणूस हाकेच्या अंतरावर आहे.

वायरमामाने आज नेमका पहिल्या रिंगला फोन उचलला. वर खूश होता. “समोरच्या इमारतीत दिलंय ना, चौथ्या मजल्यावर. ती गॅलरीची खोली नाही का? भला माणूस आहे. तुमच्या नेटची चौकशी करूनच घेतलं त्यांनी. मी म्हटलं, ताई एकदम समाधानी आहेत.”

“कागद घेतलेत त्यांचे?”

“मी कुणाचे घेतो ताई? तुमचे तरी घेतले होते का?”

फोन ठेवला आणि पोरीकडे वळले. तिने माझं अर्धं बोलणं ऐकलं होतं. म्हणाली, “पाहुणीबाई ना? मी रोज तेच लावते. त्याला पासवर्डच नाही. आपल्यापेक्षा किती फास्ट आहे, बघ.”

जो माणूस शेजाऱ्याला वर्तमानपत्र वाचायला द्यायचा नाही, त्याने सगळ्या गल्लीला नेट उघडं टाकलंय. कुणासाठी ते कळायला मला वेळ लागला नाही. मी विचारलं, “कुणाशी बोललीस का तू त्याच्यावर?” तिने खाली मान घातली. मग तिला राहवेना.

“तू कानाला लावून टाइप करतेस ना, तेव्हा ते लावलं की आपोआप एक पान उघडतं आणि त्यात बाबा दिसतात. म्हणाले, आईला सांगू नको, गंमत आहे. रविवारी मला न्यायला येणारेत. त्यांच्याकडे गॅलरी आहे. परत झोका देणारेत मला, मागच्यासारखा.”

मागच्यासारखा.

वन्सं, आता ठरलेलं मोडते. त्या संध्याकाळी तुम्ही दारात उभ्या होतात, हातात वाळलेल्या चादरी होत्या. त्याने तिला गॅलरीच्या कठड्याबाहेर धरलं होतं, दोन्ही मनगटांना. तिचे पाय हवेत हलत होते. तो मला म्हणत होता, “म्हण, चुकले. मोठ्याने म्हण.” आणि ती हसत होती. तिला वाटलं, बाबा खेळताहेत. मी म्हटलं, चुकले. मोठ्याने म्हटलं. मग त्याने तिला आत घेतलं आणि तिचे केस नीट करत विचारलं, “काय, मजा आली ना?” तुम्ही चादरी खाली टाकल्यात. त्याच रात्री तुम्हीच आम्हाला गाडीत बसवून दिलंत.

मी पोरीला कधी खरं सांगितलं नाही. एवढ्याशा जिवाला बापाची भीती घालायला माझी जीभ रेटली नाही. आज त्या न सांगण्याचीच मला भीती वाटतेय. तिला ओढून न्यायची त्याला गरजच नाही. तो हाक मारेल आणि ती पळत जिना चढेल.

चौकीतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, माणूस वाईट नाही. म्हणाले, “बाई, खोली भाड्याने घेणं गुन्हा नाही. नेट घेणं गुन्हा नाही. बाप लेकीशी बोलला, तोही गुन्हा नाही. आणि मूल स्वतःच म्हणतंय झोका होता. तुमच्याशिवाय कुणी पाहिलंय का?” मी म्हटलं, त्याच्या सख्ख्या बहिणीने पाहिलंय. त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, “मग त्यांना बोलवा.”

गाव सोडून पळायचं माझ्या मनात येऊन गेलं. सामान बांधायलाही घेतलं होतं. पण पोर म्हणाली, “बाबांना सांगून जाऊ या.” तिला कडेवर घेऊन मी कुठवर धावणार? घरमालकीणबाईंनी तिला आपल्याकडे बसवून घेतलंय, खिडक्या लावून. ती माझ्यावर रुसली आहे. टॅब मी काढून घेतला म्हणून.

तुम्ही त्याच्या घरात राहता, आई तुमच्या गळ्यात आहेत, उद्या त्याने दार लावलं तर जायचं कुठे, हे सगळं मला कळतं. आमची बाजू त्याच्या फिरतीत होती हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही का लिहिलं नाहीत, तेही कळतं. मला राग आलाय, खोटं का बोलू? पण राग घेऊन बसायला आज वेळ नाही. माझी खोली आहे, तिच्यात आईंसकट चौघी मावतील.

रविवारच्या आत या. माझ्यासाठी काही बोलू नका. साहेबांसमोर बसून एवढंच सांगा की तो झोका नव्हता. आणि मग, मी शेजारी बसते, पण तिलाही तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून ते तिला खरं वाटणार नाही.

तिची आई