लेकरांना न दिलेली कामोणी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाजही आता मला नीट आठवत नाही. पण त्या दिवशी पेडगावला माहेरच्या घरात जे ऐकलं, तेव्हापासून तुझ्याशीच बोलत सुटले आहे. भाजी निवडताना, दूध तापवताना, सारखी. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले.

काविळीला दवा देणारी बाई म्हणून तुला सगळा परिसर ओळखायचा. पाथरीकडून, पोखर्णीकडून जीपनं माणसं यायची, डोळे पिवळे, तोंड उतरलेलं, अन्नावरची वासना गेलेली. तू विहिरीच्या पाटाशी जाऊन कामोणी खुडून आणायचीस. गुडघ्याएवढं झुडूप, बारीक पांढरी फुलं, आधी हिरवी आणि पिकली की काळीभोर होणारी मण्यांसारखी फळं. फळं बाजूला काढून नुसता पाला पाट्यावर वाटायचा, फडक्यातून पिळायचा, आणि तो हिरवागार रस पितळी वाटीत पुढे करायचा. उरलेल्या पाल्याची तू लसूण घालून भाजी करायचीस. कडसर लागायची, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर मला फार आवडायची. एकदा पाटाशी खेळताना मी कच्ची हिरवी फळं मुठीत घेऊन तोंडाजवळ नेली, तर तू धावत येऊन माझ्या थोबाडीत मारलीस. आयुष्यात तू मला तेवढं एकदाच मारलंस. मारल्यावर तूच खाली बसलीस आणि माझी मूठ उघडून एकेक फळ पाण्यात फेकत राहिलीस. मी रडायचं विसरून तुझ्याकडे बघत होते.

मोठ्या माणसांना दवा देतानाही तू आधी म्हणायचीस, "डागदरला दाखवून या, मग माज्याकडं या." लेकरांना तर देतच नव्हतीस. कुणी पोराला कडेवर घेऊन दारात आलं की ते उंबऱ्याच्या आत यायच्या आधीच तू म्हणायचीस, "मी लेकराला देत न्हाई. परभणीला दवाखान्यात न्या." बाया हात जोडायच्या, रागावायच्या. तू हलायची नाहीस. मला वाटायचं, तुला दवा शिकवणाऱ्यानं घालून दिलेला नेम असेल.

मग मला कावीळ झाली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. सकाळी तू माझी पापणी खाली ओढून बघतेस आणि तुझा चेहरा एकदम पांढराफटक पडतो. चुलीवरचं कालवण तसंच टाकून, वडलांना शेतातून हाक मारून, तू मला घेऊन एसटीनं परभणी गाठतेस. गावातल्या बाया हसल्या होत्या, "साऱ्या गावाला दवा देती अन् सोताच्या पोरीला सुई टोचायला नेती." मलाही ते लागलं होतं. सगळ्यांना मिळतो तो रस मला का नाही? दवाखान्याच्या खाटेवर मी तुला तसं विचारलंही. तू माझ्या पायावर हात ठेवून बसून राहिलीस, आणि रात्रभर तो हात तिथून काढला नाहीस.

आता त्या दिवसाचं सांगते. भावाची सून आणि मुलगा ऊसतोडीला गेलेत, सहा वर्षांची नात भावजयीकडे ठेवून. भावाचा फोन आला, "आक्का, पोरीला कावीळ झाली वाटतं, लय मळमळ व्हायलीय." मी निघाले. पोचले तेव्हा भावजय स्वयंपाकघरातून वाटी घेऊन बाहेर येत होती. वाटीत हिरवा रस. मिक्सरमधून काढलेला, वर फेस आलेला.

"आक्का, तुमच्या मायचंच औषध हाय," ती कौतुकानं म्हणाली. "लोकं अजून नाव काढत्यात त्यांचं. जोर यावा म्हणून हिरवी फळं बी टाकली हायत."

पोर माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडलेला. मी काही बोलणार, तेवढ्यात ओसरीवरच्या खाटेवरून मावशी ओरडली. तुझी धाकटी बहीण, माय. ऐंशी ओलांडलेली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, जेव म्हटलं तर जेवते. ती उठून बसली होती.

"लेकराला देऊ नगंस! फेक ते! एक गेली ना त्यानं, आणखी किती?"

भावजयीच्या हातून वाटी कलंडली. रस तिच्या साडीवर सांडला. मी विचारलं, "मावशी, कोण गेली?"

"थोरली," मावशी म्हणाली. "तुझी थोरली बहीण."

माय, या घरात थोरली मी आहे. लहानपणापासून मला सगळे थोरली म्हणत आले. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मी हसलेसुद्धा असेन. मग ती सांगू लागली. मी तिथंच जमिनीवर बसले. माझ्या आधी तुला एक मुलगी होती. चालायची, बोलायची, तुझ्या पदराला धरून पाटापर्यंत यायची. तिला कावीळ झाली. तुझ्या दव्यानं लोक बरे होत होते, मग दवाखाना कशाला? तू रस दिलास. उतार पडेना म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त दिलास, घाईत फळांसकट वाटलेला. पोरीला उलट्या सुरू झाल्या, मग ती बोलेनाशी झाली. बैलगाडी जुंपेपर्यंत संपली.

"दवानं गेली का काविळीनं गेली, देवाला ठाऊक," मावशी म्हणाली. "पर तुज्या मायनं एकच धरलं, माज्या हातानं गेली. नाव काढू दिलं न्हाई कुणाला. तुला तर सांगूच नगा म्हणली."

आम्ही पोरीला जीपमध्ये घालून परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणि असलं काही पोटात जाऊ देऊ नका, कच्च्या फळांत विष असतं. पोर आता बरी आहे. काल फोनवर आई-बापाशी भांडली, लवकर या म्हणून. भावजय मात्र अजून रडते. तिला मी समजावलं की तुला माहीत नव्हतं. हे वाक्य बोलताना मला वाटलं, माय, तुला कुणी असं म्हणालं होतं का?

मला राहून राहून धक्का बसतो तो मरणाचा नाही, माय. घराघरात लेकरं जात होती त्या काळात. धक्का याचा, की त्यानंतरही तू रोज पाटाशी जात होतीस. त्याच झुडपाचा पाला खुडत होतीस, त्याच पाट्यावर वाटत होतीस, आणि आम्ही त्याची भाजी मिटक्या मारत खात होतो, तुझ्यासमोर. मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, लोकं सोडत नव्हती. एवढंच असेल? की लेकरांना दारातूनच दवाखान्यात पाठवता यावं, म्हणून तू दवा देणारी बाई राहिलीस? मला ठरवता येत नाही. तुझी सुरी धरायची पद्धत, तुझं शिंकणं, कशानं तुझं डोकं दुखायचं हे मला माहीत, आणि ही एक अख्खी मुलगी माहीत नव्हती.

मावशीनं तिचं नावही सांगितलं. छान नाव आहे. मी ते इथं लिहिणार नाही. तू काढू दिलं नव्हतंस.

तुला वाचता येत नव्हतं. घरात पत्र आलं की मीच मोठ्यानं वाचून दाखवायची. हेही मलाच वाचावं लागलं असतं, आणि पुढची ओळ मी नक्की गाळली असती: नाव ऐकलं तेव्हा दुःखाच्या आधी मला तिचा हेवा वाटला, तुझी थोरली तीच राहिली म्हणून.