तीस दिवसांचा हिशेब

१४ जून, मंगळवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. दुकानात परीक्षेच्या वह्यांच्या बांधणीचं काम आलंय, त्यामुळे बोटांना सतत खळ. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त झाला का? नसेल तर मालकिणीच्या मागे लाग, गप्प बसू नकोस.

सोबतच्या पाकिटात तुझ्या मावशीचं हमीपत्र आणि तिच्या खात्याचा उतारा आहे. तुझ्या परदेशातल्या शिक्षणाचा खर्च ती करेल असं त्यात लिहिलंय. व्हिसाच्या एजन्सीवाल्यांना विचारलं, सख्खी मावशी चालते. शुक्रवार शेवटचा दिवस आहे, तेव्हा पाकीट मिळताच व्हिसाचा अर्ज पुन्हा भर.

मी मावशीकडे गेलो होतो, याचं तुला नवल वाटेल. तुझी आई गेल्यापासून आम्ही बोललो नव्हतो. रविवारी सकाळी गेलो. ती हॉस्पिटलातून रात्रपाळी करून नुकतीच आली होती, पायात अजून पांढरे बूट.

"चार वर्षांनी उंबरा चढलात भाऊजी. म्हणजे नक्की काहीतरी अडलंय."

"अडलंय."

"मग बसा. चहा आधी की कबुली आधी?"

मी म्हटलं, चहा. ती हसली नाही, पण आधण ठेवलं.

सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, कपाटातून पासबुक काढलं आणि म्हणाली, "पैसे आहेत, वर्षभर हलले नाहीत. सही करते. पण पोरगी अजून बँकेला शिव्या देतेय. चूक कोणाची, हे तिला तुम्ही सांगायचं. लेखी. फोनवर तुम्ही हवापाण्यावर जाल."

तर ऐक. बँकेनं घोळ घातला नाही. व्हिसासाठी दाखवायचे पैसे सलग तीस दिवस माझ्या खात्यात हवे होते. बाविसाव्या दिवशी मी त्यातले काढले. कटिंग मशीनचं पातं तुटलं, नवं आणायचं होतं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचे आले, ते परत भरले. दुकानाच्या गल्ल्यात आपण असंच करतो ना? सकाळी काढायचे, संध्याकाळी भरायचे, बेरीज जमली की झालं. तिथे बेरीज नाही, दिवस मोजतात.

तू बँकेतल्या बाईंना फोनवर ताडताड बोललीस, तेव्हा मी त्यांच्या समोरच्याच खुर्चीत होतो. खातेदाराचं दुसऱ्याला सांगायचं नाही असा त्यांचा नियम. त्या निमूट ऐकत राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी टेबलावरची पेनाची दोरी बोटाला गुंडाळत बसलो. काल जाऊन त्यांची माफी मागून आलो.

मावशीची अट इथे संपली. पुढचं मी आपणहून लिहितोय, तिलाही हे माहीत नाही.

पात्यासाठी भागीदार पैसे देत होता. पाकीट काढून समोर उभा होता. "माझ्याकडून घे. पोरीच्या पैशांना हात लावू नकोस, तीस दिवसांची भानगड आहे ना?" म्हणाला. मी म्हटलं, तीन दिवसांनी काय होतंय! आणि बँकेत गेलो. ठमे, गल्ल्याची सवय खरी, पण त्यानं आठवण करून दिल्यावर ती सवय उरली नाही.

अर्ज अडकला असं तू रडत सांगितलंस, त्या दिवशी मी तुझी समजूत घातली, फोन ठेवला आणि पोटभर जेवलो. कित्येक दिवसांनी. ताट धुताना हे माझ्या लक्षात आलं आणि मग हातातलं ताट खाली ठेवता येईना.

तुला अडवायचं मी ठरवलं नव्हतं. पण वाट मोकळी ठेवायलाही मी धडपडलो नाही. घरात आपण दोघंच, हे त्याचं कारण असेल, सबब नाही.

आधी अर्ज भर. माझ्यावर रागवायला आयुष्य पडलंय, त्याला शेवटची तारीख नाही. मी फोनची वाट बघणार नाही म्हणतो, पण बघेन.

जा, हे आज पहिल्यांदाच खरं म्हणणारा,
तुझा बाबा